पेन्सिल सेलवरचा रेडिओ

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले आणि माणसे तंबूत झोपू लागली. अशा रात्री वीज आणि मोबाइल गेला तरी ऐकू येईल असे यंत्र घरात हवेच, आणि ते घरीच बनवता येते.

टीए ७६४२ ही तीन पायांची आयसी, दीड व्होल्टचा एक सेल, फेराइटचा कांडा, त्यावर वार्निश लावलेल्या तांब्याच्या तारेचे साठ-सत्तर वेढे आणि स्टेशन लावायला गँग कंडेन्सर. सोबत दोन रेझिस्टर, दोन छोटे कपॅसिटर. आवाजासाठी क्रिस्टल इअरफोन; साधा हेडफोन असेल तर एक ट्रान्झिस्टर वाढवावा.

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झची. तिची लहर सुमारे ५३८ मीटर लांब! इतकी मोठी लहर बोटभर कांड्यात पकडता येते, कारण फेराइट तिचे चुंबकीय क्षेत्र स्वतःत एकवटून घेते. हे मला या रेडिओतले सर्वांत सुंदर विज्ञान वाटते. मध्यम लहरी जमिनीला धरून धावतात, खाऱ्या पाण्यावरून तर आणखी दूर. किनाऱ्यावरच्या डहाणूला याचा फायदाच.

कांडा मात्र नीट ठेवावा. मुंबई इथून दक्षिणेला, म्हणून कांडा पूर्व-पश्चिम, म्हणजे एक टोक समुद्राकडे. टोक मुंबईकडे वळवले की आवाज जवळजवळ बुडतो. खरखर आली तर आधी एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर बंद करून पाहावा.