पाण्याखालची ड्युटी

पोहायला मी पंचगंगा घाटावर शिकलो. चुलत्यानं पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. पुढं डबा सुटला, रंकाळा झाला, कळंबा झाला, मळ्यातल्या विहिरीत मुटके मारून झाले. ज्याला पोहता येत नाही त्याला आम्ही पोरं हिशेबातच धरायचो नाही. पाणी म्हणजे आपलंच, असा एक माज होता.

बी.कॉम. झालं, नोकरी नव्हती. मित्रांबरोबर गाडीवरून मालवणला गेलो. किल्ल्याजवळ स्कुबा केलं आणि तिथंच चिकटलो. मालक म्हणाला, "पोहता येतंय ना? मग ये. सिलिंडर उचलायला लागतील." भरलेलं सिलिंडर सोळा-सतरा किलोचं. ते बोटीत चढवायचं, पर्यटकांना पट्टे बांधायचे, फोटोला मासे जमावेत म्हणून पाव टाकायचा. माशांना पाव घालू नये, हे मला फार नंतर कळलं.

त्याच सीझनच्या शेवटी, २४ मे २०२२ ला, तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा जीव गेला. मी त्या बोटीवर नव्हतो, पण त्या रात्री झोप लागली नाही. मला पोहता येत होतं. पण घाबरलेल्या माणसाला पाण्यात धरायचं कसं, बेशुद्ध असेल तर श्वास द्यायचा कसा, हे कुणी शिकवलंच नव्हतं. आणि तरीही रोज मी लोकांच्या पाठीला सिलिंडर बांधत होतो. माज उतरला तो तिथं.

आधी कागद, मग समुद्र

घरी सांगितलं, आता हे नीट शिकणार आणि अंदमानला सीझन करणार. पप्पा म्हणाले, "माशांच्यात नोकरी करणार व्हय? आणि पावसाळ्यात काय करणार?" पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसऱ्याला उत्तर नव्हतं.

स्कुबाच्या शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'पॅडी' ही जगभर चालणारी संस्था, 'एसएसआय' ही दुसरी. पहिली पायरी 'ओपन वॉटर', म्हणजे १८ मीटरपर्यंत उतरायची परवानगी. मग 'ॲडव्हान्स्ड', ३० मीटरपर्यंत. त्यानंतर प्रथमोपचार आणि 'रेस्क्यू'. इथपर्यंत सगळा छंद. कामाला लावणारी पहिली पायरी 'डाइव्हमास्टर'. त्यासाठी वय १८ पूर्ण, डॉक्टरच्या सहीचा दाखला, कोर्सला बसताना ४० डाइव्ह आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत ६०. प्रत्येक डाइव्हची नोंद लॉगबुकात हवी. शिवाय ४०० मीटर सलग पोहणं, १५ मिनिटं एकाच जागी तरंगत राहणं, थकलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढून आणणं. कोल्हापूरच्या पोरांनो, यातलं पोहणं आपल्याला जड नाही. जड आहे ते लॉगबुक भरणं, कारण प्रत्येक डाइव्हला पैसे पडतात.

शिकायला लांब जायची गरज नाही. एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंग संस्था तारकर्लीत आहे, म्हणजे आपल्यापासून घाट उतरून चार-पाच तासांवर. गोवा आहे, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे. बोट चालवणं आणि जीवरक्षकाचं काम शिकायचं असेल तर केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था गोव्यात आहे. मी रेस्क्यूपर्यंतचे कोर्स कोकण-गोव्यात केले. दिवसा कोर्स, संध्याकाळी हॉटेलात काम. आईनं भिशीचे पैसे दिले, ते पप्पांना माहीत नव्हते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

हॅवलॉक

हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ च्या डिसेंबरपासून 'स्वराज द्वीप'. कामावर मात्र सगळे हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीनं जायचं. आपल्या माणसाला तिथं जायला परवाना लागत नाही, फक्त आदिवासी राखीव भागात जायला बंदी. लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही परवाना लागतो. थायलंड, मालदीवची स्वप्नं बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, की पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. तिथं काम देणाऱ्यानं रीतसर वर्क परमिट काढून द्यावं लागतं. "ये, आल्यावर बघू" असं कोण म्हणालं तर तिकीट काढू नका.

अंदमानचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. सेंटर माणसं शोधतात ऑगस्ट-सप्टेंबरात. मी मेल पाठवले, बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका ठिकाणी इंटर्न म्हणून घेतलं. इंटर्न म्हणजे काम करायचं, त्या बदल्यात डाइव्हमास्टरच्या फीमध्ये सवलत. पगार शून्य. राहायला चौघांत एक खोली.

सकाळी सहाला सुरुवात. प्रत्येक सिलिंडरचा दाब बघायचा, २०० बार आहे का. बोट भरायची. समुद्रातून आल्यावर सगळं साहित्य गोड्या पाण्यात धुवायचं, वाळवायचं, परत सिलिंडर भरायला लावायचे. रील्समध्ये दिसतात ती कासवं खरी असतात, पण दिवसातला तासभर कासवं आणि बाकी सगळी हमाली. बोटीवर करेन समाजाचे जाणते लोक असायचे, ते नुसता पाण्याचा रंग बघून प्रवाह सांगायचे. गावात बहुतेक बंगाली वस्ती, जेवण मासे-भात. पहिल्या महिन्यात तांबड्या रश्श्यासाठी जीव तुटला, दुसऱ्या महिन्यात सवय झाली.

कान

चूक सांगतो. जानेवारीत सर्दी झाली होती. बोट भरलेली, माणूस कमी. मला विचारलं, "चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल." नाही म्हटलं तर कामावरून काढतील अशी भीती.

पाण्यात १० मीटर उतरलं की दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं. कानातली हवाही दबते. म्हणून नाक धरून हलकं फुंकत कान मोकळे करत जायचं. सर्दीत ती वाटच बंद असते. मी जोर लावला, आत सुईसारखं काहीतरी टोचलं. वर आलो तर मास्कमध्ये रक्त. तीन आठवडे पाणी बंद. त्या तीन आठवड्यांचा कोणी हिशेब धरला नाही, आणि कोर्स तेवढा लांबला. "आज नाही उतरणार" हे वाक्य डायव्हरच्या नोकरीत सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते मला कानानं शिकवलं.

बाकीचे नियमही असेच, मोडले की शरीर दंड घेतं. पाण्याखाली श्वास कधी रोखायचा नाही. वर येताना घाई नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाले असतील तर पुढचे १८ तास विमानात बसायचं नाही. घरी जायची कितीही ओढ असली तरी.

मराठी कामाला आली

मार्चमध्ये डाइव्हमास्टर झालो. डाइव्हमास्टरला नवख्यांना शिकवता येत नाही, ते काम इन्स्ट्रक्टरचं. त्याला १०० डाइव्ह आणि वेगळी परीक्षा. पण मदतीला मी असायचो. सेल्युलर जेल बघायला आपल्याकडचे लोक गटागटानं येतात, त्यांतले काही हॅवलॉकला. एकदा सांगलीच्या एक काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रडायला लागल्या. इन्स्ट्रक्टर इंग्रजीत समजावत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "काकू, घाई नाही. नाही गेलात तरी चालतंय. आधी नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास घ्या." त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?" कोल्हापूर म्हणाल्यावर त्यांचा हात सैल झाला. त्या दिवशी त्या उतरल्या. मालकानं पुढच्या सीझनला पगारावर घेतलं, त्यात ह्या काकूंचा वाटा आहे.

पगाराचं गणित असं : ठरलेली रक्कम लहान, वर डाइव्हमागं काहीतरी आणि टिप. समुद्र खवळला की बोट नाही, बोट नाही तर वरचे पैसे नाहीत. म्हणून जाण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. महिन्याची ठरलेली रक्कम किती, राहणं-जेवण कोणाचं, डायव्हिंगचा वेगळा विमा कोण काढणार, आणि सीझनच्या मध्यात आजारी पडलो तर काय. माझ्याकडं यातलं चौथं लेखी नव्हतं.

पावसाळ्यात काय?

पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर दोन सीझननंतर सापडलं, तेही अर्धंच. जून ते सप्टेंबर मी कोल्हापुरात असतो. सकाळी तलावावर पोरांना पोहायला शिकवतो, दुपारी मित्राच्या दुकानात बसतो. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेसाठी पैसे साठवतोय. बचत थोडी आहे, पीएफ नाही. लग्नाचं स्थळ आलं की "मुलगा काय करतो" इथंच गाडी अडकते. हे लपवून सांगितलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

गेल्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, इशाऱ्याच्या खुणेला आली, तेव्हा गल्लीतली पोरं पुराच्या पाण्यात मुटके मारायला निघाली होती. मी त्यांना अडवलं. त्याच दुपारी तालमीच्या कट्ट्यावर बसवून, छाती कशी दाबायची, बुडणाऱ्याला समोरून मिठी का मारू द्यायची नाही, दोरी-ट्यूब आधी का फेकायची, हे करून दाखवलं. सरावासाठी एकजण आडवा झाला, बाकीचे हसत होते.

पप्पा मागं उभे होते. पोरं गेल्यावर म्हणाले, "मलाबी दाव एकदा." मग कट्ट्यावर बसता बसता त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरचं तिकीट काढलंस का? तुझ्या आईची भिशी लागलीय म्हणं."