हिरव्या बटाट्याचे विष

शत्रूपासून पळून जाण्याची सोय नसल्यामुळे वनस्पती आपल्या रक्षणाचा बंदोबस्त अंगातच विषे निर्माण करून करीत असतात. म्हणूनच प्रकाशात हिरवा पडलेला बटाटा, ज्याच्या सालीत व कोंबांत सोलॅनिन साठते, तो फवारणीचा एक थेंबही न लागता माणसास ओकाऱ्या आणू शकतो. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी तर १९९० साली असा अंदाज मांडला की, अमेरिकन आहारातील कीटकनाशक द्रव्यांपैकी वजनाने ९९.९९ टक्के वनस्पतिनिर्मितच असतात. अर्थात हा हिशेब ताटापुरता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने जे शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यांच्या बाबतीत तो सर्वस्वी गैरलागू होय, कारण भाजीवर उरणाऱ्या अंशाच्या कित्येक पट विष त्यांच्या त्वचेतून व श्वासातून शरीरात गेले होते.