१४२८५७ : एका संख्येचे गुणधर्म

१ ला ७ ने भागून पाहा. भाग पूर्ण जात नाही; दशांशचिन्हापुढे १४२८५७ हे सहा अंक पुन्हापुन्हा येत राहतात. या सहा अंकांची संख्या दिसायला इतर संख्यांसारखीच आहे. परंतु तिला २ ने गुणले तर २८५७१४ येतात, ३ ने गुणले तर ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ प्रारंभाचे स्थान बदलते. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात. ७ ने गुणल्यावर मात्र चक्र थांबते आणि ९९९९९९ मिळतात.

याचे कारण भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागताना अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ आणि १ अशा बाक्या उरतात. शून्याखेरीज शक्य असलेली प्रत्येक बाकी एकदा येऊन जाते. २ ला ७ ने भागणे म्हणजे या साखळीत २ ही बाकी जेथे येते, तेथून पुढे चालू लागणे होय.

या संख्येचा दुसरा गुणधर्म एका मराठी शिक्षकाच्या नावाने ओळखला जातो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवीत होते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की मूळची १४२८५७ परत मिळते. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

हे कसे घडते? १४२८५७ मधून १ वजा करा. उरलेल्या १४२८५६ ला ७ ने पूर्ण भाग जातो व भागाकार २०४०८ येतो. म्हणून १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार ९९९९९९ × २०४०८ इतकाच होतो. त्यात १४२८५७ मिळवले की वर्ग तयार होतो. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखांत एक कमी. तेव्हा वर्गात २०४०८ वेळा दहा लाख येतात, आणि उरतात १४२८५७ वजा २०४०८, म्हणजे १२२४४९. कागद-पेन्सिल घेऊन हे स्वतः करून पाहावे. वाचून ते पूर्ण पटत नाही.

कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचे काम अनेक गणितज्ञांना क्षुल्लक वाटे. हे गुणधर्म संख्येचे नसून ती दहा अंकांनी लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत, असा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. लेखनपद्धती बदलली तर हा मेळ बसेलच असे नाही. ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ हे अवयव मात्र तेच राहतील. पण वरची सिद्धता पाहिली, तर अंकांच्या खेळामागे भाज्यतेचा नियमच उभा दिसतो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ मध्ये ते निवर्तले.

जिला आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, त्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७, भागाकार ५२९१. आता रायपूरचा पिनकोड ४९२००१ घ्या. अंकांची बेरीज १६ आहे, परंतु संख्या विषम असल्याने १६ ने भाग जात नाही. ती हर्षद नाही. तिचे अवयव आहेत ३१, ५९ आणि २६९. आपल्या गावाचा पिनकोड याच रीतीने तपासता येईल.