रंगाचा फवारा आणि रंगाऱ्याचा हात

श्रोतेहो, चांगल्या रंगविलेल्या लोखंडी कपाटाच्या दारावरून एकदा तळहात फिरवून पाहा. कुंचल्याचा एकही केस तेथे उमटलेला नसतो, ओघळ नसतो, आणि समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब त्यात सरळ दिसते. ही सफाई यंत्राने येते, अशी आपली समजूत असते. यंत्र हवेच, परंतु तेच यंत्र नवशिक्याच्या हाती दिले असता त्याच दाराची काय दशा होते, ते मी स्वतः अनुभविले आहे.

बेळगावातील एका कारखान्यात मी उमेदवारी करीत होतो. पहिले दार मी मोठ्या उत्साहाने रंगविले. मधोमध रंगाचे चार ओघळ लोंबू लागले आणि दोन्ही कडांना खालचा प्रायमर डोकावत राहिला. आमच्या मिस्त्रींनी रागाचा एक शब्दही काढला नाही. रंग पुरता वाळल्यावर त्यांनी ते दार मला वॉटर पेपरने घासावयास लावले. नंतर स्प्रे गनच्या भांड्यात रंगाऐवजी नीळ कालविलेले पाणी भरले आणि भिंतीवर वर्तमानपत्राची रद्दी चिकटविली. "आठ दिवस कागद रंगव. रंगाला पैसे पडतात, पाण्याला पडत नाहीत," एवढेच ते म्हणाले. त्या आठ दिवसांत जे उमगले, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम हे हत्यार काय करते ते पाहू. कॉम्प्रेसरमधून दाबाखाली आलेली हवा तोटीच्या तोंडाशी रंगाची धार फोडते आणि तिचे सूक्ष्म तुषार करते. चाप थोडा ओढला की आधी केवळ हवा सुटते. अधिक ओढला की आतली सुई मागे सरकते आणि रंग वाहू लागतो. तोटीवरच्या टोपीला दोन शिंगे असतात. त्यांतून निघणारे हवेचे झोत गोल फवाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबून पंख्यासारखा चपटा करतात. १८९३ साली शिकागो येथे जे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या प्रचंड इमारती वेळेत पांढऱ्या करण्यासाठी दाबाच्या हवेने रंग उडविण्याची युक्ती वापरली गेली. अमेरिकेतील टोलेडो शहराचे डॉक्टर ॲलन डीव्हिलबिस यांनी रोग्याच्या घशात औषध फवारण्याचे साधन बनविले होते. त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ च्या सुमारास तेच तत्त्व रंगासाठी वापरले. पुढे १९२३ च्या सुमारास झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी आले. कुंचल्याने आठवडे लागणारे काम तासांवर आले, आणि फवाऱ्यावाचून कारखान्याचे चालेनासे झाले.

आता तयारीकडे वळू. फवाऱ्याचा रंग काहीही झाकीत नाही, उलट खालचा दोष उठून दाखवितो. म्हणून गंज काढणे, खड्ड्यांत लांबी भरणे, ती घासून सपाट करणे आणि शेवटी तेलाचा अंश पुसून टाकणे, यांत कामाचा बराचसा वेळ जातो. बोटांचे तेल राहिले तरी रंग तेथून मागे हटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. रंग पातळ करताना अंदाजावर विसंबू नये. तळाशी ठराविक छिद्र असलेला फोर्ड कप मिळतो. तो भरून रिकामा होण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे आणि रंगाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे. नंतर रंग बारीक जाळीतून गाळावा. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतले पाणी साचते, तेही रोज सोडून द्यावे.

यानंतर हाताचे शिक्षण. तोटी पृष्ठभागापासून ६ ते ८ इंच असावी, म्हणजे वीतभराहून किंचित कमी. याहून जवळ गेल्यास एका जागी फार रंग साचून ओघळतो. फार दूर गेल्यास थिनर वाटेतच उडून जातो आणि रंग भुकटीसारखा बसून खरखरीत लागतो. हे अंतर साऱ्या फेरीभर सारखे राखणे, हीच खरी विद्या होय. नवशिक्या मनगट वळवितो. गन कमानीत फिरते, मध्ये जवळ येते आणि टोकांना दूर जाते. माझ्या दारावरचे ओघळ आणि उघड्या कडा या एकाच चुकीतून जन्मल्या होत्या. मनगट ताठ ठेवून सारा बाहू, किंबहुना सारे अंग सरकवावे, आणि फवारा पृष्ठभागावर काटकोनात पडू द्यावा.

दुसरी गोष्ट चापाची. हात आधी हलवावा, मग कडेच्या थोडे अलीकडे चाप ओढावा. पलीकडची कड ओलांडल्यावर चाप सोडावा आणि मगच हात थांबवावा. थांबलेल्या हाताने चाप ओढला की तेथे रंगाचे तळे झालेच म्हणून समजावे. तिसरी गोष्ट पट्ट्यांची. फवाऱ्याचा पंखा मध्यभागी दाट व कडांना विरळ असतो. म्हणून प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्म्या भागावरून न्यावी. एकीचा विरळ भाग दुसरीने भरून निघतो. एकाच जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि दोहोंमध्ये थिनर उडून जाण्यास अवधी द्यावा.

दोष दिसले की त्यांचे कारण ओळखता यावे. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला, तर रंग बहुधा दाट आहे, हवेचा दाब कमी आहे, किंवा तुषार पसरून एकजीव होण्यापूर्वीच सुकत आहेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लॅकरवर दुधासारखी झाक येते. त्याचे कारण असे की, थिनर वेगाने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील दमट वाफ त्यावर दवासारखी बसते. अशा दिवशी सावकाश उडणारा थिनर वापरावा, नाहीतर उघडीप होण्याची वाट पाहावी. काम संपताच गन थिनरने धुवावी. टोपीची छिद्रे तारेने कधीही कोरू नयेत. ती वेडीवाकडी झाली की फवाराही वाकडा होतो.

श्रोतेहो, आता मला ज्या गोष्टीची सर्वांत अधिक चिंता वाटते ती सांगतो. साध्या गनमधून उडालेल्या रंगापैकी निम्मा, कधी त्याहूनही अधिक रंग वस्तूवर न बसता हवेत जातो. टोपीपाशी चौरस इंचाला १० पौंडांहून कमी दाब ठेवणाऱ्या आधुनिक गनमध्ये ही नासाडी बरीच कमी होते, तरी काही रंग उडतोच. आणि तो हवेतून जातो तो रंगाऱ्याच्या छातीत. आमचे मिस्त्री वर्षानुवर्षे तोंडाला ओले फडके बांधीत. फडक्याने मोठे तुषार अडतात, थिनरची वाफ अडत नाही. वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मुखवटाच लागतो. मोटारींना देतात त्या दुहेरी पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अल्पशा संपर्कानेही तो उसळतो. घातक प्रमाण होईपर्यंत त्याचा वासही येत नाही. यास्तव तेथे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटाच हवा. थिनरची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचून पेट घेते, हेही विसरू नये. जुना रंग काढताना तो ओला करून घासावा. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांची हमी कोण देणार?

आमच्या मिस्त्रींना डॉक्टरांनी रंगाच्या वासापासून दूर राहावयास सांगितले आहे. ते आजही कधी कारखान्यावर येतात, पण दाराबाहेरच्या पायरीवर बसतात. वाळलेले काम आम्ही बाहेर नेऊन दाखवितो. ते डोळे मिटून त्यावर तळहात फिरवितात, कोठे बोट थबकले तर तेवढेच दाखवितात, आणि मग ज्या पोराने ते काम केले त्याला विचारतात, "मुखवटा लावला होतास ना?" हल्ली मीही नव्या उमेदवाराच्या हाती गन देण्यापूर्वी त्याला आधी मुखवटा देतो, आणि मग निळीचे पाणी व रद्दी. आपल्यापैकी जे कोणी हे काम शिकू इच्छितात, त्यांनी याच क्रमाने आरंभ करावा, एवढे सांगून रजा घेतो.