दिवस भरायच्या आत जन्मलेलं पोर शाळेत जातं तेव्हा



मूल दिवस भरायच्या आत जन्मले की घरचे लोक पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून त्याला जपतात. काचेची पेटी, थेंबाथेंबाने दूध, वारंवार वजन. पुढे पोर बाळसे धरते, चालू-बोलू लागते, आणि ‘वाचलं बाबा एकदाचं’ म्हणून आपण निर्धास्त होतो. पण काही मुलांची खरी अडचण पहिली-दुसरीत दिसू लागते, आणि तेव्हा त्याच्या जन्माची आठवण कोणी काढत नाही. गुरुजी म्हणतात, लक्ष देत नाही. वडील म्हणतात, पोरगं मठ्ठ हाय. आणि पोराच्या पाठीत धपाटे बसतात. हे धपाटे थांबावेत म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे. जगात दर दहा जन्मांत सुमारे एक मूल असे असते. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत खोटी आहे. पोटात जितके आठवडे अधिक, तितके बाळाला बरे. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. ती वाढ पोटाबाहेर व्हावी लागली, तर काही मुलांत थोडी कसर राहते.

याचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. त्यांत अपुऱ्या दिवसांची मुलेही होती. बाराव्या वर्षी या मुलांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच निघाली, मात्र इतर मुलांपेक्षा काहीशी कमी. जी फारच लहान जन्मली होती, त्यांना गणित आणि डोळा-हाताचा मेळ जड गेला.

म्हणजे अशी बहुतेक मुले साध्या शाळेत शिकतात, शिकू शकतात. पण त्यांची अडचण आळसासारखी दिसते, तिथेच घोटाळा होतो. ‘गोठ्यात जा, बादली आण, येताना दार लाव’ असे सांगितले की पोर बादली आणते आणि दार विसरते. हा हट्ट नव्हे. एका दमात तीन गोष्टी त्याच्या ध्यानात राहत नाहीत. एकेक काम सांगा, तिन्ही होतील.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. बेरीज-वजाबाकी तोंडी घोकून घेण्यापेक्षा चिंचोके मांडून करू द्या. अक्षर वेडेवाकडे येत असेल तर शेंगा फोडणे, मणी ओवणे, आईजवळ बसून पीठ मळणे यांनी बोटांना वळण लागते. लिहायला वेळ जास्त द्या. थोरल्या भावाशी तुलना नको, आणि ‘अशक्त आहे’ म्हणून खेळ बंद करणे तर मुळीच नको.

डोळे आणि कान जरूर तपासून घ्या. या मुलांत चष्मा लागण्याचे व तिरळेपणाचे प्रमाण जास्त असते. फळा दिसत नसलेले पोर ढ ठरते. फार लवकर जन्मलेल्यांची फुप्फुसेही नाजूक असतात, धाप लवकर लागते. बिडीचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर त्यांना बाधतो. पाचट कुजवले तर जमिनीचे भले होतेच, पोराचेही होते.

सरकारी सोयी आहेत, त्या मागून घ्याव्यात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आरोग्य पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. पुढील तपासणी व उपचारासाठी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणीत ती आढळून रीतसर दाखला मिळाला, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

आपल्या फडात तोडणीला येणाऱ्या टोळ्यांची पोरे दर हंगामाला गाव बदलतात. त्यांतले एखादे अपुऱ्या दिवसांचे असेल, तर त्याच्या आईला हे चार शब्द जरूर सांगा.

कोवळा ऊस तोडला तर उतारा पडतो, आणि गेलेला उतारा काही परत येत नाही. पोराचे तसे नाही. ते वाढतच असते, फक्त त्याची चाल निराळी. तेव्हा घरी असे मूल असेल तर एवढे कराच: सातबाऱ्याच्या पिशवीत दवाखान्याचा जन्मावेळचा कागद असेल तो काढा, किती आठवड्यांचे व किती वजनाचे होते ते पाहा, आणि या आठवड्यात गुरुजींना जाऊन सांगा.