आग्रहाचा मोदक

आमच्या नागावात पाहुण्याचे पोट भरणे हे गृहीतच धरलेले असते. खरा पाहुणचार त्यानंतर सुरू होतो. अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले आणि आक्षी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, आणि वाडीवाडीच्या तोंडाशी ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी दिसते. माझी आत्या अशाच एका घरात गेली कित्येक वर्षे पर्यटकांना रांधून वाढते. २०२४ च्या जून महिन्यात तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिच्या आधीच्या मे महिन्याच्या सुटीत आणि नंतरच्या गणपतीत आमच्या घरी जे घडले, त्यावरून हा विषय एकट्या रुग्णाचा नाही, तो साऱ्या घराचा आहे, असे मला कळून चुकले. तिच्या परवानगीने आणि तिच्या आहारतज्ज्ञ बाईंनी जे समजावून दिले त्याच्या आधारे हा लेख लिहीत आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. अंगावरची चरबी कापून काढतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. शस्त्रक्रिया होते ती जठरावर. मोठ्या माणसाचे जठर ताणले गेले म्हणजे त्यात एक ते दीड लिटर अन्न मावते. एका पद्धतीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला थोडी खालच्या बाजूस जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. या पिशवीत सुरुवातीला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे एवढेच मावते. या दुसऱ्या पद्धतीचा आरंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केला. जागा कमी होते एवढाच तिचा परिणाम नाही. आतड्यातून रक्तात जाणारी संप्रेरके बदलतात, त्यामुळे भूक मंदावते आणि पुष्कळ रुग्णांचा मधुमेहही आटोक्यात येतो.

ही शस्त्रक्रिया सुडौल दिसण्यासाठी करावयाची नसते. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला शरीरभार निर्देशांक म्हणतात. दीड मीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक ४० येतो. २०२२ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार ३५ च्या पुढे ही शस्त्रक्रिया सुचवावी आणि मधुमेह असल्यास ३० च्या पुढे. आशियाई लोकांना कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्या बाबतीत २७.५ पासूनच विचार व्हावा, असेही त्यांत म्हटले आहे. महाराष्ट्राला हा विषय अगदीच नवा नाही. नागपूरचे खवय्ये म्हणून परिचित असलेले श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली होती.

आत्याला मधुमेह होता, गुडघे जिना चढू देत नव्हते. तिच्यासाठी डॉक्टरांनी दुसरी पद्धत निवडली. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली आणि आधीचे दोन आठवडे पथ्याचे ठरले. म्हणजे ऐन मे महिना! मुंबईची मंडळी सुटीला आलेली, ओटीवर आंब्यांची अढी, परसात फणस. आल्यागेल्याचे एकच पालुपद : “आता पुढे खायला मिळायचे नाही बाई, खाऊन घे.” या निरोपाच्या जेवणाइतके घातक दुसरे काही नाही, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

त्याचे कारण यकृतात आहे. जठराच्या वरच्या भागावर यकृताचा एक भाग पसरलेला असतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीने, लहान छिद्रांतून करतात, तेव्हा तो भाग उचलून धरावा लागतो. लठ्ठ माणसाचे यकृत बहुधा चरबीने सुजलेले आणि जड असते. भात, साखर, गोड फळे कमी करून प्रथिनांवर भर दिला की यकृतातला साखरेचा साठा, त्याबरोबर धरून ठेवलेले पाणी आणि काही चरबी निघून जाते. दोन आठवड्यांत यकृत लहान व लवचीक होते आणि सर्जनला जागा मिळते. त्याच पंधरवड्यात आमरसाच्या वाट्या रिचवल्या तर हे सारे मुसळ केरात. आत्याने ते दोन आठवडे ताक, मुगाचे कढण, अंड्याचा पांढरा भाग आणि भाज्यांवर काढले. मधुमेहाची औषधे डॉक्टरांनी त्या बेताने कमी केली, कारण खाणे घटवून गोळ्या तेवढ्याच ठेवल्या तर रक्तातली साखर एकदम उतरते. पाहुण्यांना ती स्वतः रस वाढत होती. तिला ते किती जड गेले असेल, ते आम्ही विचारलेही नाही.

शस्त्रक्रियेनंतर आहार पायरीपायरीने वाढवतात. आधी पाणी आणि गाळलेले सूप, तेही घोटघोट. मग ताक, दूध, पातळ वरण. मग मऊ लगदा करून खाण्याचे पदार्थ. मग मऊ शिजलेले अन्न. आणि दोनेक महिन्यांनी नेहमीचे जेवण, मात्र चिमणीच्या घासाने. किनाऱ्यावरच्या माणसाला यात एक सोय आहे. वाफवलेला ओला बोंबील तोंडात विरघळतो आणि प्रथिनेही देतो. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, म्हणून पानातले मासे, अंडे, पनीर किंवा वालाचे बिरडे आधी खायचे आणि भात-भाकरीला उरली तर जागा. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, कारण बदललेल्या वाटेने ती द्रव्ये पुरेशी शोषली जात नाहीत.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी हरतालिका. आत्या लग्नापासून तो उपास निर्जळी करीत आलेली. आता एका वेळी पेलाभर पाणी जात नाही, दिवसभर थोडे थोडे प्यावे तेव्हा कुठे दीड लिटर होते. मग एक दिवसाचा निर्जळी उपास म्हणजे अंगातले पाणी आटण्यास आमंत्रण. आहारतज्ज्ञ बाईंनी मनाई केली. आत्याने पूजा केली आणि उपास सोडला. आजी दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी एकवीस मोदकांचा नैवेद्य झाला. आत्या आपली लहान वाटी संपवून पानावर नुसती बसून होती. मला ते बघवेना. मी उठलो आणि तुपाची धार सोडून दोन मोदक तिच्या पानात वाढले. “प्रसाद आहे, नाही म्हणू नकोस,” असे वर म्हणालो. प्रसादाला ती नाही म्हणणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तिने दोन्ही खाल्ले. पाव तासाने तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळा आल्या आणि ती माजघरात आडवी झाली. हृदयविकाराचा झटका आला, असेच आम्हांला वाटले.

झाले होते ते असे. जठराचे दार असते तेव्हा गोड अन्न थोडेथोडे आतड्यात उतरते. हे दार वळसा घालून टाळलेले असले की गूळ-खोबऱ्याचा ऐवज एकदम आतड्यात जाऊन पडतो. तो पातळ करण्यासाठी शरीर रक्तातले पाणी आतड्यात खेचते. त्यामुळे घाम, धडधड, कळा, जुलाब. हा त्रास खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात होतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी उद्भवतो. गोडाने साखर झपाट्याने चढते, तिच्यामागे इन्शुलिन उसळते आणि साखर नको तितकी खाली येते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आत्याला तासाभराने बरे वाटले. पण उलट्या सुरू होऊन थांबल्याच नाहीत तर घरी वाट पाहत बसू नये. ब-१ जीवनसत्त्व संपून मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका असतो.

आता फराळाविषयी. दिवाळीत आम्ही सारे सावध होतो, पण शत्रू वेगळ्या वाटेने आला. चकली, शेव, चिवडा एका वेळी फार मावत नाही. येता-जाता मात्र दिवसभर मावतो. कुरकुरीत पदार्थ चावून विरघळतात आणि पोट भरल्याची जाणीव न होता खाली सरकतात. गोड पेयांचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन पुन्हा चढते त्यामागे हे एक मोठे कारण असते. उपाय साधा आहे : फराळाची बशी जेवणाच्या वेळीच घ्यायची, डबा उघडा ठेवायचा नाही. ३१ डिसेंबरला किनारा पर्यटकांनी फुलतो, त्यांच्यापैकी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की बदललेल्या वाटेने मद्य रक्तात फार लवकर चढते.

त्या थंडीत आमच्या वाडीत पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडे मीठ घालून आत्यानेच ते उपडे घातले आणि भोवती जाळ केला. तेल नाही, साखर नाही. तिने एक अंडे आणि सालीतून सोडवलेले चार-सहा वाल अर्धा तास लावून खाल्ले. “पुरे,” म्हणाली. शेंगांचे सूप माझ्या हातात होते. मी ते खाली ठेवले.

मित्रहो, वजन कमी करणे हे रुग्णाच्या मनोनिग्रहाचे काम आहे असे आपण सहज बोलून जातो. त्याच्या पानात वाढणारा हात बहुतेक वेळा आपला असतो. पुढच्या सणाला कोणी पानावर हात आडवा धरला, तर त्यामागे काय आहे हे न विचारता वाढणे थांबवावे. आमच्या घरी आता नैवेद्याच्या ताटात आत्यासाठी सुपारीएवढा एक मोदक वेगळा करतात. तो जेवणाच्या शेवटी, ती मागेल तेव्हा द्यायचा. यंदा त्याच्या कळ्या आजीने पाडल्या.