गल्ल्यावरील संगणक: काही रूढ गैरसमज

उपाहारगृहाच्या किंवा परमिट रूमच्या गल्ल्यावर जो संगणक बसविलेला असतो तो केवळ बिल छापण्याचे साधन होय, अशी समजूत गिऱ्हाइकांत तर आहेच, परंतु ज्यांनी पदरचे पैसे खर्चून तो आणविला त्या मालकांतही ती आढळते. वास्तविक बिल हा त्या व्यवस्थेचा अखेरचा टप्पा आहे. वेटरने मागणी नोंदविली की 'केओटी' नावाची चिठ्ठी स्वयंपाकघराकडे आणि पेयांची बारकडे रवाना होते, आणि त्याच नोंदीवरून टेबलाचे खाते उघडते, मालसाठ्यातून वजावट होते व रात्रीची जमा तयार होते. कार्ड घेणारे छोटे यंत्र हे याहून निराळे. दोन्ही एकमेकांस जोडलेली नसतील तर रक्कम हातानेच घालावी लागते, आणि चुका बहुधा तेथेच शिरतात.

याहून महाग पडणारा गैरसमज असा, की हा संगणक आला म्हणजे अफरातफर आपोआप थांबते. ही आशा फार जुनी आहे. अमेरिकेतील डेटन या गावी मद्यगृह चालविणारा जेम्स रिटी नोकरांच्या हातचलाखीने त्रस्त झाला, आणि बोटीच्या प्रवासात पंख्याचे फेरे मोजणारी योजना पाहून त्याने रोकड नोंदविणारे यंत्र रचले, ज्याचे पेटंट त्याला व त्याच्या भावाला १८७९ मध्ये मिळाले. परंतु जी विक्री नोंदविलीच नाही ती त्या यंत्राला कळत नव्हती, आणि आजच्या संगणकालाही कळत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात, व दर पेगामागे संगणक ३० मिली वजा करतो; पण माप न वापरता अंदाजाने ३५ मिली ओतले गेले, तर २१ पेगांतच बाटली जवळजवळ रिती होते आणि संगणकाच्या लेखी १२० मिली शिल्लक राहते. ही तूट चोरीची की सैल हाताची, हे पडद्यावरच्या आकड्यावरून ठरत नाही. रोज रात्री बाटल्या प्रत्यक्ष मोजून, रद्द झालेल्या केओटी कोणी व कोणत्या कारणाने रद्द केल्या हे पडताळून पाहिल्याविना, दिवसभर उभ्याने राबणाऱ्या वेटरच्या पगारातून ती रक्कम कापणे हा मला उघड अन्याय वाटतो. शिवाय संगणकातील नोंदही पुसता येते: विक्रीच्या नोंदी गुपचूप गाळणाऱ्या प्रणाली सापडल्यामुळेच कॅनडातील क्वेबेक प्रांताने २०११ पर्यंत उपाहारगृहांना मोहोरबंद नोंदयंत्र सक्तीचे केले.

संगणकाने काढलेला कर बिनचूकच असणार, ही तिसरी समजूत. जेवणावर जीएसटी लागतो, तर मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट आहे. म्हणजे एकाच टेबलाच्या बिलात दोन करांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. कोणता पदार्थ कोणत्या करात घालावयाचा हे मेन्यू भरणारा माणूस ठरवितो, आणि त्याची एक चूक पुढे प्रत्येक बिलावर तशीच छापली जाते. कंपोझिशन योजनेतील उपाहारगृहाला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वसूल करण्याची मुभाच नाही; तरीही तेथील बिलावर कराची ओळ असेल, तर ती संगणकाने छापली म्हणून वैध होत नाही.

सेवाशुल्काचेही तसेच. बिलावर ते छापून आले म्हणजे तो सरकारी कर आहे, असे मानून पुष्कळ लोक मुकाट्याने पैसे मोजतात. ते उपाहारगृहाने स्वतः आकारलेले असते, आणि संगणकात एकदा तशी तजवीज केली की प्रत्येक बिलात आपोआप उतरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते अशा रीतीने आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे कायम केली. म्हणून मालकांनी संगणकातील ही तजवीज आजच तपासून घ्यावी, आणि गिऱ्हाइकांनी बिलावर सेवाशुल्काची ओळ दिसल्यास ती वगळण्यास निःसंकोच सांगावे.